तिसऱ्या गल्लीचं टोक: इंदूरमधल्या एका टंकीखालचं गणित

इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत एकाच टंकीवर तीन गल्ल्या आहेत. एक दिवसाआड पहाटे तासभर नर्मदा येते. पहिल्या दोन गल्ल्यांत तास संपायच्या आत काही घरांचे हौद भरून वाहू लागतात. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला मात्र करंगळीएवढी धार पडते. तीसुद्धा हौदाचं तोंड जमिनीच्या खाली असल्यामुळे. उभ्या नळाला थेंब नाही. गल्लीकरांची मागणी वर्षानुवर्षं एकच: आमची चार इंची लाइन काढा, सहा इंची टाका. या मागणीचं काय करायचं हे संगणकावर नळजाळ्याचं प्रतिरूप, म्हणजे मॉडेल, बांधून कसं ठरलं, त्याची ही हकीकत. वस्तीचं आणि टंकीचं नाव देत नाही. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकांकडे वळवले आहेत, पण एकमेकांशी त्यांचा मेळ तसाच ठेवला आहे.

या पाण्याची किंमत आधी सांगायला हवी. होळकरांच्या काळात शहराची तहान बिलावली तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर भागवत. ते पुरेना म्हणून नर्मदेसाठी मोठं जनआंदोलन झालं आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदा शहरात पोचली. अंतर सुमारे ७० किलोमीटर, आणि वाटेत विंध्याचा घाट. पंपांना एकूण पाचशे मीटरहून जास्त चढ मारावा लागतो. पाचशेच धरले तरी हजार लिटर वर चढवायला सुमारे १.४ युनिट वीज नुसती चढणीतच जाते. पंप-मोटरचं नुकसान मिळवलं तर दोन युनिटच्या आसपास. विजेचं हे ओझं हलकं करायला महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे विकून ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी पैसा उभा केला. तेव्हा पहिल्या गल्लीत हौदावरून वाहून गटारात जाणारं पाणी हे घाट चढून आलेलं पाणी आहे. इतकं महाग पाणी इतक्या बेफिकिरीने सांडणारी आपलीच माणसं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. असो.

अठ्ठेचाळीस पट

वस्तीत २४० घरं. घरी सरासरी पाच माणसं धरली तर १,२०० माणसं. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीप्रमाणे माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर दिवसाला १ लाख ६२ हजार लिटर. हे पाणी चोवीस तास संथपणे वाहिलं तर सेकंदाला दोन लिटरसुद्धा लागत नाहीत. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट क्षमता ठेवली तरी सहा लिटर पुरतात. टंकीपासून गल्ल्यांच्या फाट्यापर्यंत गेलेली २०० मिमी व्यासाची, ६०० मीटर लांबीची मुख्य लाइन या हिशेबाने ऐसपैस आहे.

पण पाणी चोवीस तास येत नाही. दोन दिवसांचं पाणी एका तासात घ्यायचं असतं, म्हणजे ४८ तासांचं काम एका तासात. सरासरीच्या अठ्ठेचाळीस पट. सेकंदाला ९० लिटर. चोवीस तासांच्या हिशेबाने टाकलेल्या लाइनीवर एक दिवसाआडचा पुरवठा चालवायचा म्हणजे काय, ते या एका आकड्यात दिसतं. त्यापुढचं सगळं यातूनच निघालेलं आहे.

वस्तीसाठी पूर्वी एका सल्लागार संस्थेने अहवाल केला होता. त्यांनी हे ९० लिटर प्रत्येक घराच्या वाट्याला वाटून मॉडेलमध्ये घातले आणि गणित चालवलं. २०० मिमीच्या लाइनीतून सेकंदाला ९० लिटर ढकलायचे तर घर्षणातच ३७ मीटरचा दाब (दाब इथे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजला आहे) खर्च होतो. टंकीतलं पाणी जमिनीपासून १८ मीटर उंच. म्हणून फाट्यावर उत्तर आलं उणे १९ मीटर. पाण्याचा दाब वातावरणाच्या खाली दहा मीटरहून जास्त जाऊच शकत नाही. त्याच्या आधीच पाण्याची वाफ होऊन धार तुटते. तरीही तो आकडा अहवालात तक्त्यासकट छापला होता आणि त्यावरून सगळंच जाळं बदला असा निष्कर्ष काढला होता. खर्च पाहून फाइल बंद झाली.

यात संगणकाचा दोष नाही. जुन्या पद्धतीत मागणी आधी ठरलेली असते: घर इतकं पाणी घेणारच, मग दाब काय उरतो ते सांग. १९३६ मध्ये हार्डी क्रॉस यांनी हाताने सोडवायची जी पद्धत दिली, तिच्यापासून हेच गृहीत चालत आलं. जिथे नळाला कायम दाब असतो त्या शहरांना ते चालतं. आपल्याकडे उलटा मामला आहे. दाब किती, त्यावर पाणी किती येणार ते ठरतं, आणि तास संपेपर्यंत नळ बंदच होत नाही. हा मुद्दा गणितात नीट मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. पी. आर. भावे होते, त्यांचा या विषयावरचा निबंध १९८१ चा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९३ पासून फुकट उपलब्ध करून दिलेलं ईपॅनेट हे सॉफ्टवेअर जगभर वापरतात. त्यातही दाबावर अवलंबून मागणीची सोय थेट आली ती २.२ या आवृत्तीत, २०२० मध्ये. त्याआधी लोक एक युक्ती करत: प्रत्येक घराच्या जागी एक भोक कल्पायचं आणि दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात त्यातून पाणी सोडायचं.

आम्हीही घराऐवजी हौदच मांडले. अर्धा इंची नळ, आठ-दहा मीटरचा तुकडा, पुढे उघडा हौद. असा नळ दहा मीटर दाबाला मिनिटाला सुमारे २५ लिटर देतो आणि एक मीटरला सात-आठ. टंकीजवळच्या घराला एका तासात दोन दिवसांची सोय होते, ती अशी. त्या घरातली माणसं हावरी आहेत असं टोकाचे लोक म्हणतात, पण हावरा म्हणायचा तर तो दाब.

टंकीच मीटर

मॉडेल बांधणं सोपं, ते खरं ठरवणं अवघड. लाइनीवर प्रवाहमापक नव्हता. मग टंकीलाच मीटर केलं. पहाटे टंकीत येणारी लाइन तासभर बंद ठेवली, बाकी कुठला झोन चालू नाही याची खात्री केली आणि टंकीतली पातळी टेप सोडून मोजली. टंकीचा व्यास १२ मीटर. तासात पातळी १.६ मीटर उतरली, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर गेले, म्हणजे सेकंदाला ५० लिटर. त्याच वेळी फाट्यावर गेज लावला होता. व्हॉल्व्हवाल्यांच्या भाषेत ‘अर्धा किलो’ प्रेशर. नीट वाचलं तर साडेपाच मीटर. म्हणजे मुख्य लाइनीत साडेबारा मीटर गेले.

इथे एक शंका रास्त होती. इतका दाब जातो तर वाटेत एखादा व्हॉल्व्ह अर्धा मिटलेला, सिमेंटच्या रस्त्याखाली गाडला गेलेला असेल का? अशा गोष्टी शहरात नव्या नाहीत. फाट्यावरच्या एका आकड्यावरून मात्र हे कळत नाही; जुनाट खरखरीत पाइप आणि मिटलेला व्हॉल्व्ह दोघेही तितकाच दाब खाऊ शकतात. फरक कळतो तो दाब कुठे जातो यावरून. व्हॉल्व्ह असेल तर एका जागी पायरी पडते, पाइपच कारण असेल तर उतार सारखा राहतो. लाइनीच्या मध्यावर, तीनशे मीटरवर, एका घराच्या नळाला दुसरा गेज लावला. तिथपर्यंत साधारण निम्मा दाब गेलेला होता. म्हणजे गाडलेला व्हॉल्व्ह नव्हता. पाइपच्या खरखरीतपणाचा हेझन-विल्यम्स आकडा (जितका मोठा तितका पाइप गुळगुळीत) १०० निघाला. जुन्या लोखंडी लाइनीला तो वाईट नाही. लाइन धडधाकट आहे, तिच्यावर बोजा मात्र बेसुमार आहे.

एक गोष्ट ईपॅनेट सांगत नाही: ते पाइप आधीपासून भरलेला धरतं. आपल्याकडे तो दोन दिवस रिकामा असतो. मुख्य लाइनीच्या पोटात एकोणीस हजार लिटर मावतात. ते भरायला पहिली सहा-सात मिनिटं जातात आणि तेवढा वेळ टोकाच्या नळातून नुसती हवा सुसाटते. तास संपून टंकीचा व्हॉल्व्ह मिटला की पोटातलं तेच पाणी सखल गल्लीतल्या नळांतून निथळत राहतं. ‘पाणी बंद झालं तरी आमच्याकडे थोडं येतं’ असं पहिल्या गल्लीतली मंडळी सहज सांगून गेली, त्याचं कारण हे. आणि रिकाम्या पाइपात, विशेषतः वर कोणी टुल्लू, म्हणजे नळाला जोडायचा छोटा पंप, लावून ओढत असेल तेव्हा, शेजारच्या गटाराचं पाणी सांध्यांतून आत येतं. टोकाच्या नळाला येणारा पहिला गढूळ लोट कोणी पिऊ नये, याची कारणं पाइपच्या भूमितीतच आहेत.

चार चाली

तिसरी गल्ली ३५० मीटर लांब, १०० मिमीची लाइन, ८० घरं, आणि टोकापर्यंत जमीन चार मीटर चढते. माळव्याचं पठार म्हटलं की लोकांना सपाटी आठवते. नळाला मात्र चार मीटरसुद्धा डोंगर असतात.

आहे ती स्थिती अशी: फाट्यावर साडेपाच मीटर. चढणीत चार गेले, उरला दीड. गल्लीच्या लाइनीतलं घर्षण त्याहून जास्त. टोकाला शून्य.

मग लोकांची मागणी मॉडेलमध्ये घातली. तिसऱ्या गल्लीत १०० ऐवजी १५० मिमी. गल्लीत जाणारं पाणी सेकंदाला दहा लिटरवरून पंधरावर गेलं. आम्हीही क्षणभर खूश. पण टोक पाहिलं तर अजून शून्य. जास्तीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांनीच घेतलं आणि मुख्य लाइनीवर बोजा वाढल्यामुळे फाट्यावरचा दाब साडेपाचवरून साडेचारवर आला. चढणीत चार गेल्यावर हाती अर्धा मीटर, आणि नव्या लाइनीचं घर्षणच एक मीटरहून जास्त. म्हणजे मागणी मान्य झाली असती, रस्ता खोदला गेला असता, तोंडाशी राहणारे सुखावले असते आणि जे सर्वांत जास्त ओरडत होते त्यांच्या हौदात काहीच जास्त पडलं नसतं.

तिसरी चाल बिनखर्चाची. पहिल्या दोन गल्ल्यांच्या फाट्यावर व्हॉल्व्ह आहेच. पहिली पंचवीस मिनिटं तो बंद ठेवायचा आणि तिसऱ्या गल्लीला एकटीला पाणी द्यायचं. मुख्य लाइनीत आता सेकंदाला एकोणीस लिटरच, नुकसान फक्त दोन मीटर, फाट्यावर दाब सोळा. चढण वजा जाता बारा. पण एकोणीस लिटर १०० मिमीच्या नळीत शिरले की तेच बारा मीटर खाऊन टाकतात. टोक पुन्हा शून्याशी.

चौथ्या चालीत दोन्ही एकत्र: पाळीही बदला आणि लाइनही. तिसऱ्या गल्लीत सेकंदाला ३१ लिटर जातात. मुख्य लाइनीत पाच मीटर, चढणीत चार, नव्या लाइनीत साडेचारच्या आत. टोकाला उरतात साडेचार मीटर. पंचवीस मिनिटांत टोकाच्या घराला सव्वाचारशे लिटरच्या वर, गल्लीत सरासरी ५८०.

दोन उपाय, एकेकटे निरुपयोगी आणि जोडीने पुरेसे, हे कागद-पेन्सिलीने दिसलं असतं का? दिसलं असतं, पण कोणी तेवढा वेळ बसत नाही. मॉडेलची खरी सोय हीच की चार चाली अर्ध्या तासात खेळून बघता येतात आणि रस्ता खोदावा लागत नाही.

पाचवी चालही खेळलो होतो: मुख्य लाइनच ३०० मिमीची करायची. घर्षण सातव्या हिश्शावर येतं आणि कागदावर सगळे खूश. फक्त टंकी तास व्हायच्या आत तळ गाठते आणि त्याच टंकीवरचा पुढचा झोन कोरडा राहतो. ती बाद.

बैठक

पहिल्या दोन गल्ल्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. त्यांना आज घरामागे साधारण ९०० लिटर मिळतात. पंचवीस मिनिटं गेली तर उरलेल्या पस्तीस मिनिटांत, तिसरी गल्ली बंद ठेवूनही, सहाशेच्या आसपास येतील. बँकेतून निवृत्त झालेले एक काका सरळ म्हणाले, ‘‘त्यांचं दुःख आम्हाला कळतं हो, पण आमचा हौद अर्धा ठेवून?’’ तिसऱ्या गल्लीतल्या एका काकूंनी उत्तर दिलं, ‘‘आमचा तर भरलेला कसा दिसतो तेच विसरलो.’’ पुढे बराच वेळ गणपतीच्या वर्गणीपर्यंतचे जुने हिशेब निघाले. ते इथे नकोत.

तिढा सुटला तो टंकीच्या हिशेबाने. आज तासाला १ लाख ८० हजार लिटर जातात. नव्या पाळीत तिसऱ्या गल्लीला साडेसेहेचाळीस हजार आणि बाकी दोघींना पस्तीस मिनिटांत नव्याण्णव हजार, एकूण दीड लाखाच्या आत. म्हणजे टंकीत पस्तीस हजार लिटर उरतात. तेच पाणी पहिल्या दोन गल्ल्यांना बारा मिनिटं जास्त चालवायला पुरतं. तास बहात्तर मिनिटांचा केला की त्यांना घरामागे आठशेच्या वर मिळतात. नर्मदेचं एक थेंबही जास्त मागितलेलं नाही. नऊशेचे आठशे-सव्वाआठशे, आणि टोकाला जवळजवळ शून्याचे सव्वाचारशे. यावर काकांनी मान हलवली. आनंदाने हलवली असं म्हणणार नाही.

शिवाय ज्यांच्या हौदाला बॉलकॉक नाही त्यांनी तो बसवायचा असं ठरलं. मॉडेलमध्ये बॉलकॉकचा परिणाम चांगला दिसतो: हौद भरला की ते घर जाळ्यातून आपोआप गळतं आणि त्याचा दाब पुढच्याला मिळतो. काही घरांनी बसवले, काहींनी नाही.

खरी अडचण निघाली व्हॉल्व्हवाल्याची. एका मोटारसायकलवर तो पहाटे चार-पाच झोन उघडतो आणि मिटतो. ‘‘पच्चीस मिनट इधर रुकूँगा तो उधर की लाइन कौन खोलेगा?’’ हा त्याचा प्रश्न कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हता आणि सर्वांत वाजवी तोच होता. त्याच्या फेरीचा क्रम बदलून, आधी हा झोन उघडून, शेजारचा झोन उघडून परत येणं असं जमवावं लागलं. पंचवीस मिनिटांची कधी तीस होतात. मॉडेल म्हणतं, पाच मिनिटांचा फरक चालतो. पंधरा मिनिटांचा झाला तर पहिल्या गल्लीत भांडण.

नव्या लाइनीची मंजुरी यायला वेळ होता, म्हणून पाळी आधी बदलून पाहू असं गल्लीकर म्हणाले. आम्ही लिहून दिलं की जुन्या १०० मिमीच्या लाइनीवर फक्त पाळी बदलून टोकाला काही मिळणार नाही; मधल्या घरांना थोडं वाढेल इतकंच. त्यांनी करून पाहिलं. टोकाला काही मिळालं नाही, मधल्यांना थोडं वाढलं. गंमत अशी की लोकांचा मॉडेलवर विश्वास बसला तो या फसलेल्या प्रयोगामुळे. ‘फसेल’ असं आधीच लिहून देणारा माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटला होता. त्यानंतर लाइन बदलायच्या अर्जावर पहिल्या गल्लीतल्यांच्याही सह्या आल्या.

१५० मिमीची लाइन पडली आणि जोडण्या नव्या लाइनीवर आल्या. पहिल्या पाळीला टोकाच्या घरी गेज लावला तर साडेतीन मीटर. मॉडेलचं म्हणणं साडेचार. नवा पाइप आतून गुळगुळीत असतो, तरी हिशेबात त्यालाही आम्ही जुना १०० चाच आकडा दिला होता, बेंड आणि सांध्यांची गळचेपी त्यात यावी म्हणून. तेव्हा दाब निघाला तर जास्तच निघायला हवा होता. गल्लीच्या तोंडापासून कान देत चाललो. दोन घरांत हौदाच्या जोडीला टुल्लू घुरघुरत होते. सवय, दुसरं काय. आता त्यांना टुल्लूची गरजही नव्हती. पुढच्या पाळीला ते बंद होते आणि गेजचा काटा साडेचारच्या खुणेला लागला.

वस्तीला मिळणारं एकूण पाणी मात्र तेवढंच आहे: १ लाख ८० हजार लिटर, १,२०० माणसं, दोन दिवस. माणशी रोजचे ७५. नियमावलीतले १३५ आणि हे ७५ यांच्यातला फरक पाइप बदलून भरत नाही; तो टंकीच्या वर, जलूदच्या बाजूला आहे, आणि त्याचं मॉडेल वेगळं.